त्याच्या पाठीमागचा बर्फ

त्या सकाळी मी बर्फ तपासला नव्हता. हे वाक्य मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, चौकशीचा कागद लिहिणाऱ्या सुपरवायझरजवळ नाही, आणि ज्याचा गुडघा गेला त्याच्याजवळ तर नाहीच. सगळे समजून आहेत की एका शब्दाचा घोटाळा झाला. मी बोललो एक, त्यानं ऐकलं दुसरं. असा घोटाळा झालाच नव्हता. मी जे बोललो तेच त्यानं ऐकलं.

जेद्दात समुद्राच्या अंगाला एक मॉल आहे, त्यात बर्फाचं मैदान आहे. तो बर्फ सांभाळणं हे माझं काम. गावी सांगितलं तर लोक हसतात. "सौदीत बर्फ? उन्हानं डोका फिरला काय तुझा?" असं माझा चुलता म्हणाला होता. पण मी तसा बर्फातलाच माणूस. रत्नागिरीला बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात मी विसाव्या वर्षी लागलो. लाद्या काढायच्या, ट्रकवर चढवायच्या, होड्यांसाठी फोडायच्या. त्या बर्फावर मासे निजायचे. तो गुळगुळीत आहे की खडबडीत, याची चौकशी कुणी करत नसे. पुढे इथं आलो. काही वर्षं बलदमध्ये, म्हणजे जेद्दाच्या जुन्या शहरात, एका व्यापाऱ्याच्या कोल्ड स्टोरेजवर काढली, मग मॉलात लागलो. इथला बर्फ जेमतेम दोन बोटं जाड. खाली काँक्रीटमध्ये नळ्यांची जाळी, पलीकडच्या खोलीत कंप्रेसर. कंप्रेसरचा आवाज जरा बदलला तरी मला झोपेतून जाग यावी, इतका तो कानात बसलेला आहे.

माझ्या इकाम्यावर मात्र यातलं काहीच नाही. इकामा म्हणजे इथं राहण्याचा परवाना. त्यावर माणसाचा धंदा लिहिलेला असतो. माझ्या इकाम्यावर 'रंगारी' असं आहे. मी आलो तेव्हा कफिलाकडे, म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही इथं येतो त्या मालकाकडे, रंगाऱ्याचाच व्हिसा शिल्लक होता, म्हणून मी रंगारी झालो. पुढे बदलू म्हणाले आणि राहून गेलं. सुपरवायझर केरळचा, तो चिडवायचा, "अरे, तुम झूठा किधर है? बर्फ का लाइन कौन पेंट करता है?" ते खरं होतं. हॉकीच्या मैदानावरच्या निळ्या आणि लाल रेघा दर हंगामाला मीच रंगवायचो, मग वर पाण्याचा पातळ थर देऊन गोठवायचो. आम्ही हसायचो. पण तपासणीची नुसती कुणकुण लागली तरी मी खिशातला इकामा चाचपून बघायचो. बायको-मुलगी माझ्याच परवान्यावर इथं. माझा कागद गेला तर तिघांना एकाच विमानानं परत जावं लागणार.

आता बर्फाची एक गोष्ट सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. जेद्दाची हवा दमट. मॉलची दारं दिवसभर उघडझाप करतात, ती ओल आत येते, छतावरच्या डक्टला घाम सुटतो आणि थेंब खाली पडतो. पडेल तिथं गोठतो. त्याच जागी पुन्हा थेंब, पुन्हा थेंब. सकाळपर्यंत सुपारीएवढा उंचवटा तयार होतो. आम्ही त्याला फोड म्हणतो. बर्फ सारखा करायची गाडी फिरवली की मैदान आरशासारखं दिसतं, पण फोडावरून तिचं पातं उडी मारून जातं आणि वर नवं पाणी बसून तो आणखीच दिसेनासा होतो. त्यासाठी माणसानं लांब दांड्याचं पातं घेऊन, वाकून, पायी सगळं मैदान चालायचं आणि एकेक फोड कापून काढायचा. अर्धा तास लागतो. कंटाळवाणं काम आहे. मी ते रोज करायचो.

ज्याचा गुडघा गेला तो आमच्या मॉलात आला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. स्लोवाकियाचा. इथं बर्फावरच्या हॉकीची, हौशी खेळाडूंची एक टीम उभी राहत होती, तिला शिकवायला त्याला आणलं होतं. कुठल्याही खेळाच्या कोचला इथं कॅप्टन म्हणतात, म्हणून मीही कॅप्टन म्हणायचो. तो मला सादिक म्हणायचा, म्हणजे दोस्त. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. चार अरबी शब्द दोघांनाही येत होते, त्यांवर आमचं भागायचं.

टीम संध्याकाळी यायची. तो मात्र रोज सकाळी सातला, मॉल उघडायच्या आत, एकटा यायचा. बुटाच्या नाड्या आवळायला त्याला पाव तास लागे, आणि तेवढ्यात तो बोलायचा. त्याची सगळी हकिगत मी अशी तुकड्यातुकड्यानं ऐकली.

तो नऊ वर्षांचा असताना गावच्या कोचनं सगळ्या मुलांना उलटं, पाठमोरं घसरायला सांगितलं. सगळी पडली, हा पडला नाही. कोच म्हणाला, तू बचावपटू. "दॅट्स ऑल, सादिक. नोबडी आस्क्ड मी." त्याला गोल करायचे होते. पंधराव्या वर्षी घर सोडून खेळाच्या शाळेत गेला. अठराव्या वर्षी कॅनडात, एका म्हाताऱ्या जोडप्याच्या तळघरात राहून तरुणांच्या लीगमध्ये खेळला. एका मोठ्या क्लबनं त्याला अगदी शेवटी शेवटी निवडलं. मोठ्या टीमकडून तो दोन सामने खेळला. दोनच. मग खालच्या टीममध्ये पाठवलं, तिथं चार वर्षं बसमधून गावोगाव फिरला. एकदा न्हाव्याकडे बसलेला असताना फोन आला की तुला दुसऱ्या क्लबला दिलंय, उद्या तिकडे हजर हो. अर्धे केस कापलेले. मी विचारलं, "मग?" तो म्हणाला, "मग काय, बाकीचे कापून घेतले आणि गेलो." पुढे परत युरोप, एक हंगाम कझाकस्तानात, खांद्याचं ऑपरेशन, आणि मग एका वर्षी कुणाचाच फोन आला नाही. म्हणून इथं.

"गोल करतो त्याचं नाव छापून येतं," तो एकदा म्हणाला. "आमचं नाव केव्हा येतं? गोल खाल्ला की. कुणामुळे खाल्ला, तिथं." आणि त्यानं हात वर करून दाखवला. गोल झाला की टीममधला बचावपटू असाच हात वर करतो म्हणे, माझी चूक म्हणून. कधीकधी नसली तरी. त्यानं वाद मिटतो.

बचावपटू कसा खेळतो हे त्यानं मला बर्फावर करून दाखवलं होतं. समोरून गडी अंगावर येतो, हा त्याच्याकडे तोंड करून त्याच वेगानं मागे मागे घसरत जातो. नजर गड्याच्या छातीवर. पकवर, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीवर नाही, कारण पक फसवते, छाती फसवत नाही. आणि मागे वळून बघायचं नाही. एकदा बघितलंस की गडी गेला.

"मग पाठीमागे काही असलं तर?" मी विचारलं.

तो हसला. पुढचे दोन दात खोटे होते त्याचे. "बिहाइंड मी, यू," म्हणाला.

पाठीमागे तू. त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला होता.

दुसऱ्या हंगामात त्याच्या देशातल्या क्लबनं त्याला बोलावलं. ऑगस्टमध्ये तीन आठवडे चाचणी, जमलं तर करार. त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचा क्लब. बातमी कळली त्या दिवशी त्यानं मला उचलून फिरवलं, मी आणि माझं पातं दोन्ही. मग त्याचा सकाळचा सराव दुप्पट झाला. तेहतीस वर्षांच्या माणसाला पुन्हा बोलावणं येत नाही, हे तोच सांगायचा.

आमचा रोजचा एक संवाद ठरलेला होता. आत येता येता तो दारातूनच ओरडायचा, "सादिक! बर्फ खलास?" 'बर्फ' हा शब्द मी त्याला शिकवला होता. मी म्हणायचो, "खलास, कॅप्टन." झालं, तयार आहे, उतर. इथं खलासचा अर्थ तोच. काम पुरं झालं की खलास.

जून महिन्यातली ती सकाळ. सहाला मी गाडी फिरवली. मैदान चकचकीत झालं. पातं हातात घेतलं आणि फोन वाजला. बलदमध्ये माझ्याबरोबर काम केलेला एक गाववाला होता. म्हणाला, "तुमच्या अंगाच्या मॉलांत कामगार खात्याची माणसं फिरतायत. धंदा तपासतायत इकाम्यावरचा. दोघांना घेऊन गेले."

मी पातं भिंतीला टेकवलं आणि कंप्रेसरच्या खोलीत जाऊन बसलो. कफिलाच्या कागदपत्रांचं काम बघणारा माणूस, मंदूब म्हणतात त्याला, त्याला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. मोबाइलमध्ये इकाम्याचा फोटो होता, तो काढून बघत बसलो, जणू बघून बघून त्यावरचा शब्द बदलणार होता. मग पुन्हा मंदूब. घड्याळाकडे बघायचं भानच राहिलं नाही.

"सादिक! बर्फ खलास?"

सात वाजले होते. मी जागचा उठलो नाही. फोन कानालाच होता, पलीकडे घंटी वाजत होती. मला माहीत होतं की मी मैदान चाललेलो नाही. विसरलो नव्हतो. मनात म्हटलं, एक दिवस काय होतंय, काल फोड कमी होते. आणि मी ओरडलो, "खलास, खलास, कॅप्टन!"

अर्ध्या तासानं त्याच्या घसरण्याचा आवाज मधेच तुटला. बुटाच्या पात्याचा बर्फावरचा लांब सरसर आवाज, आणि एकदम काही नाही. ओरडला नाही तो. मी धावत गेलो तेव्हा निळ्या रेघेजवळ कुशीवर पडला होता, गुडघा दोन्ही हातांत धरून, आणि त्याच्या भाषेत हळू हळू काहीतरी मोजल्यासारखं बोलत होता. त्याच्यामागे वीतभर अंतरावर फोड होता. पाठमोरा येताना टाच त्यावर आदळली होती. वरचं शरीर फिरलं, पाय तिथंच राहिला.

त्याला अँब्युलन्समधून नेल्यावर सुपरवायझरनं मला बाजूला घेतलं. तो घाबरलेला होता. चौकशी झाली तर बर्फाचा जबाबदार माणूस कोण, त्याचे कागद कुठे, हे निघणार. म्हणजे रंगारी निघणार, आणि रंगाऱ्याला ठेवणारा तो.

"तुम उसको क्या बोला था?" त्यानं विचारलं. "सच बोलो."

"खलास बोला."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तुम्हारा भाषा में खलास का मतलब क्या है?"

मराठीत, हिंदीत खलास म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. मेला, संपला, वाट लागली. इंजिन खलास. माणूस खलास. त्यानं काय पुढे केलंय हे मला तेव्हाच कळलं. मी नुसती मान हलवली. "खराब," म्हणालो. "खराब हो गया."

"तो तुमने उसको बोला, बर्फ खराब है."

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. त्यानं कागद लिहिला: कर्मचाऱ्यानं बर्फ खराब असल्याचं सांगितलं होतं, भाषेच्या फरकामुळे खेळाडूनं उलट अर्थ घेतला आणि सूचना असूनही तो मैदानात उतरला. खाली माझी सही घेतली. सही करताना एक प्रश्न माझ्या डोक्यात आला, आणि वाटलं आता कुणीतरी विचारणारच: दोन वर्षं रोज सकाळी तोच शब्द तयार आहे या अर्थानं चालत होता, मग त्या एका दिवशी अर्थ बदलला कसा? कुणी विचारलं नाही. तपासणीची माणसं आमच्या मॉलात आलीच नाहीत. पुढच्या वर्षी माझ्या इकाम्यावरचा धंदाही बदलून मिळाला. आता मी कागदावरसुद्धा टेक्निशियन आहे.

हॉस्पिटलात मी चौथ्या दिवशी गेलो. खजूर घेऊन गेलो होतो. वाटेत ठरवलं होतं की सांगून टाकायचं. मी खुर्चीवर बसतो न बसतो तोच तो म्हणाला, "सॉरी, सादिक."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुझी चौकशी झाली माझ्यामुळे. सुपरवायझरनं सांगितलं मला, तुमच्याकडे खलास म्हणजे डेड. मला ठाऊक नव्हतं. तू ओरडून सांगितलंस, दोनदा सांगितलंस, आणि मी नाड्या आवळत बसलो. माय मिस्टेक." आणि त्यानं पलंगावर पडल्या पडल्या हात वर केला.

मी काय करायला हवं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. मी खजुराचा डबा उघडला. "खा, कॅप्टन," म्हणालो.

त्याच्या क्लबनं चाचणी रद्द केली. गुडघ्यामुळे केलीच असती. पण एखाद्या वर्षानं बघू असं ते आधी म्हणाले होते, आणि विम्याच्या कागदांबरोबर तो कागद पोचल्यावर तेही म्हणेनासे झाले. भाषेच्या फरकाची ओळ त्यांनी धरलीच नाही; खराब आहे असं सांगूनही बर्फावर उतरणारा बचावपटू त्यांना नको होता. ज्या माणसाची सगळी किंमत भरवशाची, त्याच्यावर मी बेफिकिरीचा शिक्का मारून ठेवला. तो परत गेला त्या दिवशी विमानतळावरून मला सेल्फी पाठवला, कुबड्यांसकट, अंगठा वर करून.

याला पाच वर्षं झाली. दर ईदला त्याचा मेसेज येतो. आपल्या गावच्या लहान मुलांना उलटं घसरायला शिकवतो म्हणे. पडत नाही त्याला विचारतो, तुला बचावपटू व्हायचंय का? मी दर ईदला 'खैर मुबारक, कॅप्टन' असं उत्तर देतो. त्या दिवशी मला जेवण जात नाही. बायको विचारते, "तुमास बरा नाय काय?" मी म्हणतो, ऊन लागलं. तिला वाटतं मला शुगर आहे, दोनदा तपासून घेतली.

गेल्या महिन्यात मात्र ईद नसताना मेसेज आला. तो लांबलचक होता, म्हणून मी मुलीला वाचायला दिला. ती इथल्या इंडियन स्कूलमध्ये अकरावीला आहे, माझ्याशी अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी बोलते.

त्याच क्लबनं आता तरुण बचावपटूंसाठी कोच नेमायचं काढलं होतं. त्यानं अर्ज केला होता. सगळं पसंत होतं, पण जुना कागद त्यांच्या फायलीत होता, आणि त्याबद्दल त्याला लेखी खुलासा मागितला होता. शेवटच्या ओळी मुलीनं मोठ्यानं वाचल्या: सादिक, त्या सकाळी काय झालं हे माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत. तुझ्या शब्दांत चार ओळी लिहून पाठवशील का?

"अब्बा, ही इज सो स्वीट," मुलगी म्हणाली. "लिख दो ना. मैं टाइप कर देती हूँ. बोलो, क्या लिखना है?"

ती मोबाइल घेऊन बसली, अंगठे तयार.

"बाद में," म्हणालो.

"अब्बा! बस चार लाइन!"

"बाद में म्हटलं ना."

ती उठून गेली. त्यानंतर ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेन. माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत. हे तो सहज म्हणतोय, की पाच वर्षांत केव्हातरी तो प्रश्न त्याच्या मनात आलाय, तो शब्द रोज चालत होता, त्या दिवशीच कसा बदलला? कधी वाटतं त्याला सगळं कळलंय आणि तो मला वाट करून देतोय. कधी वाटतं त्याला काहीच कळलेलं नाही, आणि ते मला जास्त जड जातं. खरं लिहिलं तर माझ्या जुन्या सहीचं काय होईल, सुपरवायझर अजून इथंच आहे त्याचं काय, नवा इकामा कुणी उकरून काढेल का, हेही डोक्यात येतं. येत नाही असं म्हणणं पुन्हा खोटं होईल. मुलीची बारावी होईपर्यंत थांबावं असंही एकदा वाटून गेलं. त्याचा खुलासा तोपर्यंत थांबणार नाही.

हे सगळं मी मराठीत लिहिलंय, म्हणजे ज्याला सांगायला हवं त्याला वाचता येणार नाही अशा भाषेत. तेही मला कळतं. सकाळी पातं घेऊन मैदान चालतो तेव्हा निळ्या रेघेपाशी आलो की पाय आपोआप हळू होतात, त्या जागी फोड असो नसो. काल नवीन कोचनं विचारलं, इथं काय शोधतोस रोज? काही नाही, म्हटलं.

क्लबनं त्याला महिनाअखेरची मुदत दिली आहे. आज तेवीस तारीख. चूक माझी होती, त्यानं बरोबर ऐकलं होतं, एवढं माझ्या सहीनं इंग्रजीत लिहिलेलं एक पान मी त्याला द्यायचं आहे. ते अजून दिलेलं नाही.